गोविंदकाकांना न सांगता

आईने फोन उचलला नाही तेव्हा मेधा सेम्बावांग स्टेशनच्या फलाटावर उभी होती, आणि खोटं कशाला बोला, आधी तिला हायसंच वाटलं. आई आज काय विचारणार हे तिला माहीत होतं. गोविंदरावांशी बोललीस का? मेधा बोलली नव्हती, आणि बोलायचा तिचा विचारही नव्हता. फोन नुसताच वाजत राहिला म्हणजे तो प्रश्न उद्यावर गेला, एवढंच तिच्या डोक्यात आलं. मग गाडी आली, ती आत शिरली, दार लागलं आणि तिने पुन्हा फोन लावला.

कारण आई फोन उचलत नाही असं कधी होत नाही. मेधाच्या आई, शुभदाताई, कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, जुना मधुमेह, जेवणाआधी रोज इन्शुलिनचं इंजेक्शन. सिंगापुरात सकाळ होते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मेधा हार्बरफ्रंटच्या ऑफिसला निघते त्या वेळी आई फोन पुढ्यात घेऊनच बसलेली असते. एक रिंग, फार तर दोन. मेधाला उशीर झाला तर आईच फोन करून विचारते, आज सुट्टी आहे का गं.

मेधा घाबरट आहे. हे तिचा नवरा संजीव म्हणतो, मुलगी इरा म्हणते आणि ती स्वतःही नाकारत नाही. लोक पैसे साठवतात तशी ती भीती साठवते, रोज थोडी थोडी. संजीवची नोकरी गेली तर इथे राहायचा पास जाईल आणि पास गेला तर चंबूगबाळं आवरून सिंगापूर सोडावं लागेल, ही एक. इराचं गणित, ही दुसरी. पण सगळ्यांत जुनी आणि मोठी भीती आईची. मेधा एकुलती एक. तिची शाळा अर्धी पुण्यात झाली, अर्धी कॅनडात; मग लग्न करून ती सिंगापूरला आली ती आलीच. आईला इकडे आणायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा आई बाहेरच्या उकाड्याला आणि घरातल्या एसीला कंटाळली, तिकडचं सरकारी आरोग्य कार्ड रद्द होईल म्हणून कुरकुरली आणि परत गेली.

आई तिकडे एकटी राहू शकते ती गोविंदकाकांच्या जिवावर. गोविंद केळकर हे मेधाच्या वडिलांचे मित्र, महाराष्ट्र मंडळातले, आणि त्यांचा धंदा म्युच्युअल फंड विकण्याचा. तिकडच्या आपल्या लोकांत फंड कोणी बँकेत जाऊन निवडून आणत नाही. आपला एक माणूस असतो. तो संक्रांतीच्या कार्यक्रमात भेटतो, घरी येतो, पोहे खातो, मुलं काय करतात विचारतो आणि उठता उठता दोन सह्या घेऊन जातो. त्याला नाही म्हणायचं म्हणजे फंडाला नाही म्हणणं नव्हे, माणसाला नाही म्हणणं. ते आपल्याला कुठे जमतं? मेधाच्या वडिलांना जमलं नाही, आणि ते गेल्यावर निवृत्तीचे सगळे पैसे गोविंदकाकांनी सुचवलेल्या फंडांतच राहिले.

पण काका नुसत्या सह्यांपुरते नव्हते. वडील गेल्यापासून ते दर गुरुवारी दुपारी आईकडे येत. भाजी, पीठ, इन्शुलिन घेऊन येत, गोळ्यांची डबी भरून देत, बंद पडलेला दिवा बदलत, चहा घेत, आईबरोबर एखादी मालिका बघत आणि जात. घराची एक किल्ली त्यांच्याकडे होती. गेल्या हिवाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली, तेव्हा तिला उचलणारे गोविंदकाकाच होते. तो गुरुवार होता म्हणून. बुधवार असता तर काय झालं असतं, हा विचार मेधाने त्यानंतर किती वेळा केला असेल ते तिलाच ठाऊक.

आणि याच गोविंदकाकांचे फंड मेधाने आईला सोडायला लावले होते.

त्याचं असं झालं. काही महिन्यांपूर्वी एकदा ऑफिसात डबा खाताना तिने आईच्या फंडांचा वार्षिक खर्च पहिल्यांदा नीट वाचला आणि डबा बाजूला सारला. मग ती वाचतच सुटली. म्युच्युअल फंड आणि ईटीएफ, दोन्हींच्या आत माल साधारण तोच, शेअर आणि रोखे. पण फंड विकायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचं कमिशन फंडाच्या पोटातून दर वर्षी जात राहतं, मग वर्ष नफ्याचं असो की तोट्याचं. ईटीएफ शेअरबाजारातून आपला आपण विकत घ्यायचा. त्याचा खर्च फंडाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. कॅनडातले फंड तर जगातल्या महाग फंडांत मोडतात, असं ती जे उघडेल त्यात लिहिलेलं होतं. तिने आईच्या नव्वदीपर्यंतचा अंदाज बांधून पाहिला. फंडांत राहिलं तर पैसे आईच्या आधी संपण्याची शक्यता होती. ही भीती कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण ती बोलून दाखवली की आईच्या मरणाची वाट बघितल्यासारखी ऐकू येई.

ईटीएफचीही तिला भीती वाटायचीच. त्याचा भाव दिवसभर हलतो, फंडासारखा संध्याकाळी एकदाच ठरत नाही. आणि बाजार पडला तर? फंड पडले तर गोविंदकाकांना बोल लावता येतो, ईटीएफ पडला तर कुणाला लावायचा? संजीव म्हणाला, मला लाव, नाहीतरी सवय आहे तुला. ती कित्येक आठवडे इकडून तिकडे झुलत राहिली. शेवटी निकाल लागला तो खर्चावर नाही, परताव्यावर नाही. नव्या ब्रोकरच्या माहितीत एक वाक्य होतं. खातं हलवण्याची विनंती आम्हीच जुन्या कंपनीला पाठवतो, तुम्हाला जुन्या सल्लागाराशी बोलण्याची गरज नाही. ते वाक्य वाचून मेधाच्या मानेवरचं ओझंच उतरलं. गोविंदकाकांच्या तोंडावर नाही म्हणायला लागणार नव्हतं. ईटीएफ तिने निवडला तो या एका सोयीसाठी, आणि हे तिने संजीवलाही सांगितलं नाही.

सह्या व्हिडिओ कॉलवर झाल्या. आईने टॅबलेटवर बोट फिरवायच्या आधी विचारलं, "गोविंदरावांना कळवलंस ना?" मेधा म्हणाली, त्यांना आपोआप कळतं. आई जरा वेळ टॅबलेटकडे बघत राहिली, मग "हो, करते" म्हणाली आणि तिने सही केली.

काल ब्रोकरचा मेल आला होता. आपली विनंती जुन्या कंपनीला मिळाली आहे. म्हणजे गोविंदकाकांना कळलं होतं. आणि तिकडे आज गुरुवार होता.

यिशून गेलं, बिशान गेलं, मेधा फोन लावत राहिली. आधी मोबाइल नुसता वाजत होता, आता तो बंद लागू लागला. घरचा जुना फोन वाजून वाजून थकला. समोर बसलेली माणसं आपापल्या फोनमध्ये मान घालून बसली होती आणि तिला त्या सगळ्यांचा राग येत होता, कारण त्यांच्या फोनमध्ये काही ना काही घडत होतं. धोबी घाट स्टेशनवर गाडी बदलताना ती सरकत्या जिन्याच्या डाव्या बाजूला कठडा धरून उभी राहिली आणि आई न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली आहे हे तिला लख्ख दिसू लागलं. साडीचा रंगसुद्धा दिसला.

हार्बरफ्रंटला उतरून ती ऑफिसकडे गेलीच नाही. फेरीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक बाक होता, तिथे बसली. बाटम बेटावर जाणारी कुटुंबं चाकांच्या बॅगा ओढत समोरून जात होती. तिने संजीवला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला, आणि नेहमी थट्टा करणारा माणूस थट्टा न करता बोलायला लागला, तेव्हा तर तिला जास्तच भीती वाटली. इमारतीच्या ऑफिसला कर, तो म्हणाला. ते संध्याकाळी बंद होतं, ती म्हणाली. शेजारच्या पोर्तुगीज बाईंना कर. त्या थंडी सुरू झाली की फ्लोरिडाला जातात. मग तिथल्या पोलिसांना कळवू या, मी नंबर शोधतो, असं म्हणून तो हळूच म्हणाला, "मेधा, किल्ली गोविंदकाकांकडे आहे."

तिला माहीत होतं. गाडीत बसल्यापासून माहीत होतं.

घरी इराला सुट्टी होती. मेधाने तिलाही फोन करून सांगितलं की आजीला तुझ्या फोनवरून लावत राहा. इरा आधी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "शी इज स्लीपिंग लाह, मम्मा, डोन्ट पॅनिक." मग तिला मेधाच्या श्वासाचा आवाज आला असावा. तिने विचारलं, "देन हू इज देअर विथ हर? आय मीन, निअर हर?" कोणी नव्हतं. गुरुवारचा एक माणूस होता, आणि तो आता होता की नव्हता हे तिला ठाऊक नव्हतं.

त्यांनी फोन घेतला नाही तर? घेतला आणि शांतपणे म्हणाले की आता तुमचा ईटीएफ पाठवा, तर? ते तसं बोलणार नाहीत हे तिला कळत होतं, पण बोट त्यांच्या नावावर जाऊन परत येत होतं. तिकडे आई पडली असेल आणि इकडे आपण लाजतोय, हे तिच्या मनात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली. तिने नाव दाबलं.

काकांनी लगेच उचलला. "बोल मेधा."

"काका, आई फोन उचलत नाहीये. मोबाइलही बंद आहे. तुम्ही आज गेला होतात?"

ते म्हणाले, "गेलो होतो दुपारी. बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं नाही."

"मग?"

"भाजीची पिशवी दाराला लावून आलो."

"काका, किल्ली होती ना तुमच्याकडे." तिचा आवाज चढला आणि बाकाशेजारून जाणारी एक बाई वळून बघायला लागली.

"होती. सकाळी ऑफिसात कागद आला होता, खातं हलवल्याचा. मला वाटलं, वहिनींना माझं तोंड बघायचं नसेल. असं असताना किल्ली लावून कसं शिरायचं कुणाच्या घरात? खाली गाडीत बराच वेळ बसलो. फोनही करून पाहिला. मग निघालो."

दुपारपासून म्हणजे कितीतरी तास झाले होते. ज्या माणसाला तोंड दाखवायला लागू नये म्हणून तिने एवढी सोय केली, तोही दाराबाहेर तशाच संकोचाने उभा राहून परत गेला होता. ती एवढंच म्हणाली, "काका, पाया पडते, आत्ता जा."

"निघालो," ते म्हणाले, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बर्फ पडत होतं, त्यामुळे गाडी हळू चालवावी लागणार होती. ते त्यांनी नंतर सांगितलं, पण मेधाला ते तिकडचं हवामान फोनवर बघून आधीच कळलं होतं. तो सगळा वेळ ती बाकावर बसून होती. ऑफिसातून एक मेसेज आला, तिने तो वाचला आणि वाचलेलं तिच्या डोक्यात शिरलं नाही. ऊन चढत होतं. देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर लहानपणी पाठ केलेलं एकही स्तोत्र पहिल्या ओळीपुढे जाईना. मग ती भलत्याच गोष्टी ठरवू लागली. आई ठीक असली तर तिला घेऊन येईन. आई ठीक असली तर नोकरी सोडेन. आई ठीक असली तर सगळे पैसे पुन्हा फंडांत घालीन, खर्च कितीही होवो, आयुष्यात परत ईटीएफचं नाव काढणार नाही. बाजारात कोणी अशी बोली लावत नाही, पण तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

फोन वाजला तो व्हिडिओ होता. काकांचा चेहरा नाही, आईच्या घराचं दार दिसत होतं आणि त्याच्या कडीला लटकलेली भाजीची पिशवी. पिशवी दुपारपासून कुणी आत घेतलेली नव्हती. मेधाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला.

"वहिनी," काका म्हणाले. त्यांनी दार वाजवलं, बेल वाजवली. मग किल्ली फिरली, दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती. फटीतून नुसता अंधार दिसत होता. घरात एकही दिवा नव्हता.

"आई," मेधा फोनमध्ये ओरडली. धक्क्याकडे जाणारी माणसं थबकली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

काकांनी फटीला तोंड लावून पुन्हा हाक मारली. काही नाही. त्यांनी खांद्याने दार ढकललं, साखळी ताणली गेली, पण तुटली नाही. साठी उलटलेला तो माणूस धापा टाकायला लागला होता. आणि मग आतून, अगदी बारीक, आईचा आवाज आला.

"गोविंदराव, मी बरी आहे. तुम्ही घरी जा."

ती बरी नव्हती. आवाज जड होता, शब्द एकात एक मिसळत होते. काकांनी तो ओळखला. इतक्या वर्षांत आईची साखर उतरलेली त्यांनी दोन-तीनदा पाहिली होती. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जातो वहिनी. पण आधी साखळी काढा. मग लगेच जातो."

बराच वेळ काही झालं नाही. मग काहीतरी सरपटल्यासारखा आवाज, आणि साखळी दोनदा हुकून तिसऱ्यांदा निघाली. फोन हेलकावत आत गेला, दिवा लागला. आई भिंतीला धरून उभी होती, घामाने कपाळ चिंब, केस चिकटलेले, हात लटलट कापत होते. काकांनी फोन टेबलावर उभा केला, आईला खुर्चीत बसवलं, फ्रीज उघडून संत्र्याचा रस काढला आणि पेला तिच्या तोंडाला लावून धरला. मेधाला फक्त आईची हनुवटी आणि काकांचा ओला कोट दिसत होता. ती बाकावर बसून हुंदके देत होती. संजीवला फोन करायला हवा, इराला सांगायला हवं, हे कळत होतं, पण त्या पडद्यावरून नजर हलवायची तिला भीती वाटत होती.

आईला थोडी हुशारी आली तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारी बेल वाजली तेव्हा ती दारामागेच उभी होती. काका आहेत हे तिला पावलांवरून कळलं होतं. त्यांचे पैसे काढून घेतले, त्यांना एका शब्दाने सांगितलं नाही, आता त्यांच्यासमोर चहाचा कप कुठल्या तोंडाने ठेवायचा, हे तिला सुचेना. म्हणून तिने दार उघडलंच नाही. मग खिडकीतून बघते तो त्यांची गाडी खालीच उभी. ते पुन्हा वर येतील म्हणून साखळी लावली. ते फोन करायला लागले म्हणून तो वाजू दिला, नंतर पुन्हा वाजू लागला तेव्हा तेच असतील म्हणून न बघताच बंद करून उशीखाली ठेवला. अंधार पडला तरी दिवा लावला नाही, कारण दिवा लावला असता तर ती घरात आहे हे खालून दिसलं असतं. गाडी गेली की आहे तेही अंधारात कळेना. इंजेक्शन मात्र वेळेवर घेतलं, सवयीने, रस्त्यावरच्या उजेडात. आणि स्वयंपाकघराची खिडकी गाड्यांच्याच बाजूला, म्हणून जेवायला उठली नाही. इन्शुलिन घेऊन उपाशी पोटी ती अंधारात बसून राहिली होती, एका भल्या माणसाला तोंड चुकवण्यासाठी.

"अहो वहिनी," काका एवढंच म्हणाले. त्यांनी पोळी गरम केली, कालची भाजी काढली आणि ताट पुढे ठेवलं. आई मान खाली घालून जेवायला लागली.

मेधाने डोळे पुसले. बाकावर बसून ठरवलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. "काका, मी आजच्या आज विनंती रद्द करते. आईचे पैसे तुमच्याकडेच राहू देत. मी उगाच नको त्यात पडले."

काका टेबलाजवळ आले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसला. थकलेला होता. "रद्द करू नकोस," ते म्हणाले. "ईटीएफच बरोबर आहे. मी निमिषचे पैसे त्यातच घातलेत."

निमिष म्हणजे त्यांचा मुलगा. मेधाला आधी नीट ऐकल्यासारखं वाटलं नाही.

"मग आमचे का नाही घातलेत?"

"मला ईटीएफ विकायचा परवानाच नाही. माझा परवाना फंडांचा. आणि खरं सांगायचं तर वहिनींनी कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी गरज काय राहिली असती?"

आईने घास हातात धरून ठेवला होता. मेधाला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याच माणसाच्या कोटावरचं बर्फ अजून वितळत होतं आणि त्याच्याच हातचा पेला आईसमोर होता. रागाला जागा मिळेना. भीती मात्र होती तिथेच होती. आज आई वाचली. पुढच्या गुरुवारी काय? फंड गेले, कमिशन गेलं, आणि काकांना टोरंटोभोवती मार्कहॅमपासून ब्रॅम्प्टनपर्यंत सांभाळायची दुसरी घरं होती. आईची बेल वाजवायला कुणी आहे की नाही, तेवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न तिला आता फार सोपा वाटत होता.

"काका," तिने सगळं बळ एकवटून विचारलं, "तुम्ही गुरुवारी येत राहाल ना?"

काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी आई बोलली, घास तसाच हातात धरून, फोनकडे न बघता.

"त्यांना असं विचारू नकोस, मेधा. ते हो म्हणतील."

"मग बरंच आहे की, आई."

"सही करताना मीसुद्धा तुला हो म्हणाले होते," आई म्हणाली.